ईव्ही दुरुस्त कोण करणार?

गेल्या उन्हाळ्यात जत तालुक्यातल्या एका डॉक्टरांची इलेक्ट्रिक कार दवाखान्याच्या दारात उभी राहिली, ती हलेचना. बटण दाबलं की समोरचा पडदा क्षणभर उजळायचा आणि विझायचा. चार्जिंग संपलं म्हणावं तर गाडी रात्रभर घरी लावलेली होती. कंपनीच्या हेल्पलाइनला फोन केला. टोइंगची गाडी दुसऱ्या दिवशी आली आणि कार पाठीवर घालून सांगलीला घेऊन गेली. तिथे नंबर लागायला आणखी काही दिवस गेले. शेवटी दोष निघाला तो बारा व्होल्टच्या छोट्या बॅटरीत.

ही छोटी बॅटरी जवळजवळ प्रत्येक इलेक्ट्रिक कारमध्ये असते, पेट्रोलच्या गाडीत असते तशीच. दिवे, दरवाजांची कुलपं, गाडीतला संगणक सगळं तिच्यावर चालतं. मोठ्या बॅटरीची वीज मोटारीकडे सोडणारा जाडजूड रिलेसुद्धा हीच बॅटरी ओढते. ही बसली की मोठ्या बॅटरीत पाचशे किलोमीटरची वीज भरलेली असली तरी गाडी जागची हलत नाही. त्या दवाखान्याच्या समोरच माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं गॅरेज आहे. अशा बॅटऱ्या बदलण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं आहे. त्या दिवशी मल्टिमीटर हातात घेऊन तो गाडीजवळ उभा होता, पण त्यानं बॉनेट उघडलं नाही. ‘बाहेरच्या माणसानं हात लावला तर वॉरंटी जाईल,’ असं डॉक्टरांना फोनवर बजावलं होतं.

मी आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिक आणि मोटार मेकॅनिक हे ट्रेड शिकवत निवृत्त झालो. सांगली जिल्ह्यात फिरताना अजून एखाद्या गॅरेजमधून ‘सर’ म्हणून हाक येते. म्हणून हा विषय मला बातमीसारखा वाचून सोडून देता येत नाही. राज्य सरकारनं २०२५मध्ये नवं इलेक्ट्रिक वाहन धोरण आणलं. २०३०पर्यंत चालणाऱ्या या धोरणासाठी १,९९३ कोटी रुपये ठेवले. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतू इथे इलेक्ट्रिक कारना टोल माफ केला. केंद्राची पीएम ई-ड्राइव्ह योजना १०,९०० कोटींची आहे, त्यातले २,००० कोटी सार्वजनिक चार्जिंगसाठी आहेत. गाडी घेणाऱ्याचा विचार झाला, चार्जिंगचा झाला, कारखान्यांचा झाला. हे सगळं हवंच होतं. पण गाडी बंद पडल्यावर तिला हात लावणारा माणूस या चर्चेत मला कुठे दिसत नाही. त्याला बाहेर ठेवलं तर इलेक्ट्रिक गाडी पुणे, नाशिक, नागपूरच्या रिंगरोडपलीकडे टिकणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

गैरसमज नको. मी इलेक्ट्रिक गाडीच्या बाजूचा आहे. पत्र्याच्या बंद शेडमध्ये डिझेल इंजिन चालू करून नोझलचा आवाज ऐकायला मुलांना मीच शिकवलं. त्या धुरानं काय होतं, ते मी स्वतःच्या आणि सहकाऱ्यांच्या छातीवरून जाणतो. पेट्रोल इंजिनात जळणाऱ्या तेलातली फार तर पाव ते तिसरा हिस्सा ऊर्जा चाकापर्यंत पोहोचते, बाकीची रेडिएटर आणि सायलेन्सरमधून हवेत जाते. इलेक्ट्रिक मोटार बॅटरीतली बहुतेक वीज कामाला लावते. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल आपण बाहेरून आणतो. हा हिशेब ज्यानं एकदा मांडला, त्याला बदल नको असं म्हणता येणार नाही.

पण गॅरेजचा हिशेबही मांडला पाहिजे. विट्याला, तासगावला, आटपाडीला गॅरेज म्हणजे एक शेड नसते. तिच्या मागे ब्लॉक बोअर करून देणारा असतो, लेथवाला असतो, नोझल-पंप कॅलिब्रेट करणारा, रेडिएटर झाळणारा, सायलेन्सरला वेल्डिंग मारणारा, स्पेअर पार्टचा दुकानदार असतो. इलेक्ट्रिक गाडीला इंजिन ऑईल नाही, ऑईल फिल्टर नाही, प्लग नाही, क्लचप्लेट नाही, टायमिंग बेल्ट नाही, सायलेन्सर नाही. गाडी वेग कमी करताना मोटारच जनरेटर होऊन बॅटरीत वीज परत भरते, त्यामुळे ब्रेकही कमी झिजतात. गाडीमालकासाठी ही सगळी चांगली बातमी आहे. गॅरेजवाल्याचं भाडं आणि हाताखालच्या पोरांचा पगार मात्र याच कामांतून निघतो. इंजिनाची कामं वर्षातून मोजकी निघतात, ऑईल बदली आणि क्लचप्लेट रोजची. २०२४-२५ या आर्थिक वर्षात देशात अकरा लाखांवर इलेक्ट्रिक दुचाकी विकल्या गेल्या. कार लाखाच्या आसपास असल्या तरी स्कूटर आणि तीनचाकींच्या रूपानं हा बदल गॅरेजच्या दारात येऊन उभा राहिला आहे.

लोक म्हणतात, मिस्त्री काय, शिकून घेतील. शिकतातच. कार्बोरेटरच्या काळातल्या माणसांना मी इंजेक्शनच्या गाड्यांवर येताना पाहिलं आहे. २०००च्या सुमारास मोटारींत कार्बोरेटर जाऊन एमपीएफआय आलं, तेव्हा स्क्रू फिरवून ‘ट्युनिंग’ करणाऱ्या कितीतरी जणांनी आता आपलं संपलं म्हणून हाय खाल्ली होती. पुढे डिझेलमध्ये कॉमन रेल आलं. २०२०च्या एप्रिलपासून बीएस-६ लागू झालं आणि बहुतेक मोटारसायकलींतलाही कार्बोरेटर गेला. या प्रत्येक वळणावर मिस्त्री शिकला, पण त्याला शिकवायला कुणी आलं म्हणून नव्हे. तो स्वतः दिल्लीहून, कोल्हापूरहून स्कॅनर आणून, मित्राच्या गॅरेजमध्ये बसून, रात्री मोबाइलवर व्हिडिओ पाहून शिकला. ज्यांना हे जमलं नाही ते पंक्चर काढायला लागले किंवा शेतावर परत गेले. त्यांची कुठे नोंद झाली नाही.

अडचण शिकण्याच्या इच्छेत नव्हती, दाराला लागलेल्या कुलपात होती. भारतीय स्पर्धा आयोगानं २५ ऑगस्ट २०१४ रोजी एक आदेश दिला होता, तो गॅरेजवाल्यांनी आणि गाडीमालकांनी मुद्दाम वाचावा. देशातल्या चौदा मोटार कंपन्यांना आयोगानं मिळून २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कंपन्या सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधनं स्वतंत्र गॅरेजना मिळू देत नाहीत, हा आक्षेप होता. भाग आणि साधनं खुल्या बाजारात उपलब्ध करा, असं आयोगानं सांगितलं. बाहेर काम करून घेतलं एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द होईल अशी अट घालू नका, असंही सांगितलं. त्यावर अपिलं झाली, प्रकरण वरच्या न्यायालयांत गेलं. दरम्यान गाड्या बदलल्या. २०२२मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात मोटारीही आहेत. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये या हक्काचं पोर्टलही सुरू झालं. तरी जतमधल्या त्या डॉक्टरांना फोनवर जे उत्तर मिळालं, ते २०१४च्या आधीचंच होतं.

इलेक्ट्रिक गाडीत हे कुलूप जास्त घट्ट बसतं. पेट्रोलची गाडी मिसिंग करते तेव्हा कान सांगतो, धूर सांगतो, प्लगचा रंग सांगतो. इलेक्ट्रिक गाडी काहीच बोलत नाही. ती बंद पडते आणि फॉल्ट कोड दाखवते. तो कोड वाचणारं सॉफ्टवेअर कंपनीकडे, त्या कोडचा अर्थ सांगणारं मॅन्युअल कंपनीकडे, आणि नवा भाग बसवल्यावर गाडीच्या संगणकाला तो ओळखायला लावण्याचा पासवर्डही कंपनीकडे. अशा वेळी हातात कितीही कसब असलं तरी मिस्त्री आंधळा होतो.

कंपन्यांच्या बाजूनं एक मुद्दा मांडला जातो आणि तो खरा आहे: ही वीज जीव घेऊ शकते. बहुतेक इलेक्ट्रिक कारच्या बॅटरीत तीनशे व्होल्टच्या वर डीसी वीज असते. घरातल्या विजेचा धक्का बसून वाचलेली माणसं गावोगाव आहेत, म्हणून लोकांना विजेची भीती राहत नाही. या विजेची भीती हवी. निवृत्तीनंतर मी स्वतः या गाड्यांचं प्रशिक्षण घेतलं. त्यात पहिल्या दिवशी पाना हातात दिला नाही. आधी अंगठी, घड्याळ, कडं काढून ठेवायला लावलं. मग हातमोजे. एक हजार व्होल्टचे रबरी मोजे, वापरण्याआधी मनगटाकडून गुंडाळत आणायचे, आत हवा कोंडून राहते का बघायचं. हवा निसटली म्हणजे कुठेतरी सुईएवढं भोक आहे, मोजे बाद. गाडी बंद करायची आणि चावी आपल्या खिशात, दुसऱ्या कुणाच्या हातात नाही. बारा व्होल्टची ऋण वायर सोडवायची. मग मोठ्या बॅटरीचा सर्व्हिस प्लग ओढायचा. आणि थांबायचं. कपॅसिटरमधली वीज उतरायला काही मिनिटं लागतात, ती मॅन्युअलमध्ये दिलेली असतात, त्याआधी मोठ्या विजेच्या केशरी वायरला हात नाही. मग मीटर. मीटर आधी चालू बॅटरीला लावून तो नीट दाखवतो का पाहायचं, मग केशरी टोकांवर शून्य आलं का बघायचं, मग पुन्हा चालू बॅटरीवर मीटर तपासायचा, कारण बिघडलेला मीटरही शून्यच दाखवतो. हे सगळं झाल्यावर पाना.

हे पाहिल्यावर मला काळजी वाटली ती मी शिकवलेल्या पोरांची. त्यांना हे कुणी सांगितलेलं नाही. गाडी दारात येणारच आहे, आणि घर चालवायचं असलेला माणूस आज ना उद्या तिला हात लावणारच आहे. ‘धोकादायक आहे, बाहेर देऊ नका,’ एवढं म्हटल्यानं तो थांबत नाही, फक्त न शिकता हात लावतो. २०२२च्या मार्चमध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली स्कूटर पेटल्याचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. त्या वर्षी देशभर अशा घटना झाल्यावर केंद्रानं बॅटरी सुरक्षेचे नियम कडक केले, ते डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. कारखान्यातली बॅटरी सुधारली. पण ई-रिक्षाचा पॅक फोडून आतले सेल बदलणारी दुकानं गल्लीबोळांत चालूच आहेत. तिथे काम करणाऱ्या मुलाच्या हातात ना मोजे, ना माहिती.

म्हणून सगळ्यांना सगळं करू द्या, असं मी म्हणत नाही. बॅटरीचा पॅक उघडणं हे गॅरेजचं काम नव्हे, ते कंपनीकडे किंवा त्यासाठी खास तयार झालेल्या केंद्रातच झालं पाहिजे. पण टायर, सस्पेन्शन, ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, बारा व्होल्टचं वायरिंग आणि ती छोटी बॅटरी ही कामं ओळखीची आहेत. मोठी वीज कुठे आहे आणि कुठे हात लावायचा नाही, एवढं नीट शिकवलं की कुठलाही चांगला मिस्त्री ती करील. एसीच्या कॉम्प्रेसरसारखी काही कामं मधली आहेत. पेट्रोल गाडीत तो पट्ट्यावर चालतो, इथे थेट मोठ्या विजेवर. तिथे वीज तोडून काम करण्याचं रीतसर प्रमाणपत्र हवं. जर्मनीत वाहनाच्या मोठ्या विजेवर काम करणाऱ्यांसाठी अशा तीन पायऱ्या ठरवून दिल्या आहेत आणि कुणी कुठवर हात घालायचा हे त्यावरून ठरतं. आपल्याकडे हे करायला कुठली मोठी यंत्रणा नव्यानं उभारावी लागणार नाही.

कारण थ्री फेज मोटार कळणारी माणसं आपल्या तालुक्यांत आधीपासून आहेत. प्रत्येक मोठ्या गावात मोटार रिवाइंडिंगचं दुकान असतं. विहिरीवरची पाच-साडेसात हॉर्सपॉवरची मोटार जळाली की ती उघडून, जळकी तार कापून, स्लॉटमध्ये नवा इन्सुलेशनचा कागद घालून, हातानं वेटोळी भरून, वार्निश देऊन, मेगरनं इन्सुलेशन तपासून हे लोक पाणी सुरू करून देतात. उसाच्या पट्ट्यात ऐन उन्हाळ्यात त्यांना जेवायला वेळ नसतो. इलेक्ट्रिक कारची मोटारही थ्री फेजच आहे. तिच्या मागे इन्व्हर्टर आहे, रोटरमध्ये चुंबक आहेत, हे नवं शिकावं लागेल. पण फेज म्हणजे काय, इन्सुलेशन कमकुवत झालं हे कसं ओळखायचं, हे या माणसाला सांगावं लागत नाही. स्कूटरच्या चाकातल्या मोटारीचे सेन्सर बदलून देणारे रिवाइंडर मी पाहिले आहेत. सौर कृषिपंप आल्यापासून पॅनेलची डीसी वीज आणि कंट्रोलर हाताळणारी तरुण पोरंही खेड्यांत तयार झाली आहेत. गॅरेजचा मिस्त्री गाडी जाणतो, रिवाइंडर मोटार जाणतो. या दोघांना एका वर्गात बसवायचं काम मात्र कुणी हाती घेतलेलं मला दिसत नाही.

आमच्या भागात हे शिकवायला आणखी एक कारण आहे. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, शहर दिवसेंदिवस पाण्यात होतं. २०२१ला पुन्हा पूर. पाणी ओसरल्यावर हजारो गाड्या चिखलातून बाहेर निघाल्या. त्या वेळी जिल्ह्यातल्या मिस्त्रींनी जे केलं ते मी जवळून पाहिलं. ‘स्टार्टर मारू नका’ असं घरोघर सांगत फिरले. प्लग काढून, नोझल काढून इंजिन हातानं फिरवलं, सिलिंडरमधलं पाणी बाहेर काढलं, दुधासारखं झालेलं ऑईल काढून नवं भरलं, पुन्हा काढलं. रात्रंदिवस राबून त्यांनी लोकांच्या गाड्या रस्त्यावर आणल्या, कित्येकांकडून पैसेही नंतर घेतले.

पुढच्या पुरात त्या गल्ल्यांत इलेक्ट्रिक गाड्याही असतील. चांगल्या बॅटरी पॅकची चाचणी एक मीटर पाण्यात अर्धा तास अशी झालेली असते. पावसाच्या पाण्याला ते पुरेसं आहे. तीन-चार दिवस गढूळ पाण्यात बुडालेल्या गाडीला नाही. अशी गाडी चार्जला लावायची नाही, चालू करून पाहायची नाही, घरापासून आणि इतर गाड्यांपासून लांब उघड्यावर ठेवायची. २०२२मध्ये अमेरिकेत फ्लोरिडाला इयान वादळानंतर समुद्राच्या पाण्यात बुडालेल्या इलेक्ट्रिक गाड्या नंतर पेटल्या होत्या. कृष्णेचं पाणी खारं नाही, तरी काळजी तीच घ्यावी लागेल. हे पूरग्रस्तांना कोण सांगणार? कंपनीची हेल्पलाइन त्या आठवड्यात लागणार नाही. गल्लीतला मिस्त्रीच सांगेल, त्याला आधी कुणी सांगितलं असेल तर.

हीच गोष्ट एसटीची. पुणे–अहमदनगर मार्गावर १ जून १९४८ रोजी पहिली एसटी धावली आणि त्याच मार्गावर १ जून २०२२ रोजी ‘शिवाई’ ही इलेक्ट्रिक बस सुरू झाली. मला त्याचा आनंद झाला. पुढे ५,१५० इलेक्ट्रिक बस भाडेतत्त्वावर घ्यायचा करार झाला. या पद्धतीत बस भाड्यानं देणाऱ्या कंपनीची, चालक कंपनीचा, देखभालही कंपनीची. दापोडी, चिकलठाणा, हिंगणा इथल्या एसटीच्या कार्यशाळांमध्ये सांगाड्यापासून बस बांधणारे हात आहेत, डेपोडेपोत घाट उतरलेल्या गाडीचं दुखणं ओळखणारे मेकॅनिक आहेत. माझे कितीतरी विद्यार्थी तिथे शिकाऊ उमेदवार म्हणून लागले आणि कायम झाले. आपल्याच डेपोत उभ्या असलेल्या बसकडे ते पाहुण्यासारखे बघणार असतील, तर करार संपेल त्या दिवशी इलेक्ट्रिक बस सांभाळणारं एसटीत कुणी नसेल. करारातच एक कलम घालून एसटीच्या मेकॅनिकना कंपनीच्या माणसांबरोबर कामाला लावता येईल. त्याला फारसा खर्चही नाही.

आयटीआयमध्ये ‘मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकल’ हा दोन वर्षांचा नवा ट्रेड आला आहे, तो चांगला आहे. पण तो दहावी झालेल्या मुलांसाठी आहे. चाळिशीचा, दोन पोरांचा बाप असलेला गॅरेजवाला शेड बंद करून दोन वर्षं वर्गात बसू शकत नाही. त्याच्यासाठी संध्याकाळची तुकडी हवी. राज्यात चारशेच्या वर सरकारी आयटीआय आहेत आणि संध्याकाळी त्यांतल्या अनेकांच्या कार्यशाळांना कुलूप लागतं. सहा ते आठ, काही आठवडे, आधी सुरक्षा, मग वीज तोडणं, मग मीटर, मग स्कॅनर. प्रत्यक्ष कामावर शिकलेल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय केंद्राच्या कौशल्य योजनेत आहेच, ती गॅरेजपर्यंत आणायची. प्रत्येक तालुक्याला एक स्कॅनर आणि मोज्यांचे चार संच सरकारनं आयटीआयमध्ये ठेवावेत, गॅरेजवाले भाडं भरून नेतील. आणि ज्या कंपन्यांच्या गाड्यांना अनुदान किंवा टोलमाफी मिळते, त्यांच्यावर एकच अट घालावी: बारा व्होल्टच्या भागाचं दुरुस्ती मॅन्युअल आणि फॉल्ट कोडची यादी मराठीत खुली करा. सरकारी पैसा घ्यायचा आणि माहिती कपाटात ठेवायची, हे चालू देऊ नये.

वाचकांपैकी अनेक जण येत्या वर्ष-दोन वर्षांत इलेक्ट्रिक गाडी घेतील, जरूर घ्या. पण शोरूममध्ये रंग आणि रेंज विचारून झाली की आणखी एक प्रश्न विचारा: माझ्या तालुक्यात ही गाडी कोण दुरुस्त करतं, आणि टायर-ब्रेक-छोटी बॅटरी बाहेर करून घेतली तर वॉरंटीचं काय? उत्तर तोंडी घेऊ नका, कागदावर लिहून मागा. ते कागदावर मिळेपर्यंत बुकिंगचे पैसे भरू नका.